मळ्यातल्या चार घरांची पाटी

मास्तर आमच्या अंगणापर्यंत आले, पण दाराजवळ आले नाहीत. दारावर कडुलिंबाचा डहाळा बांधलेला होता. घरात देवी आल्या आहेत, असा त्याचा अर्थ. ते बैलांच्या दावणीजवळ उभे राहिले आणि त्यांनी आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, हाक मारली. आप्पा ओल्या हातांनी बाहेर आले. आत ते माझ्या धाकट्या भावाचे पाय धूत होते. भाऊ अडीच वर्षांचा होता. त्याचा तो नववा दिवस. अंगावर बोट टेकवायला जागा राहिली नव्हती. जिभेवरसुद्धा फोड होते, त्यामुळे तो रडायचा तेव्हा आवाज नीट निघत नव्हता.

मास्तर म्हणाले, "तुम्ही स्वतः मला सांगून ठेवलं होतंत. डॉक्टर आला की पहिली माझी मुलं. मग त्या दिवशी आणलं का नाहीत? मी निरोप पाठवला होता."

"कसाना निरोप?" आप्पा म्हणाले.

"देवी काढायचा, लस टोचून घ्यायचा. तुम्ही जत्रेला गेलात, त्याच्या आदल्या दिवशी दुपारी. पाटीवर लिहून दिला होता."

"कोनजोडे?"

मास्तरांनी माझ्याकडे बोट केलं नाही. नुसतं पाहिलं. मी उंबऱ्यात लिंबाच्या पाल्याचा झुपका घेऊन उभी होते. समोरच्या अंगणात काकी धुणं वाळत घालत होती, तिचे हात थांबले. तिच्या घरावरही डहाळा होता.

आप्पांनी मला विचारलं, "तू काय वाचं व्हतं आमले?"

"सुट्टी शे, असं वाचं."

"आनि देवीनं?"

"ते मी पुसी टाकं."

आप्पांचं तोंड उघडलं. आतून माय हळूच म्हणाली, "घरमा देवी शे. बोलू नका."

आप्पांनी तोंड मिटलं. पुन्हा आत गेले आणि भावाचे पाय धुवायला बसले.

हे समजायला आमच्याकडची रीत माहीत पाहिजे. देवी आल्या म्हणजे रोग आला असं कोणी म्हणत नसे. घरात पाहुणी आली, असं म्हणत. ती असेपर्यंत घरात फोडणी द्यायची नाही, कोणी डोकं विंचरायचं नाही, पायात काही घालून आत यायचं नाही. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, घरात आवाज चढवायचा नाही. रागवायचं नाही, मारायचं नाही, रडायचं नाही. आजारी पोराला नावानं हाक मारायची नाही. त्याला 'माय' म्हणायचं, मुलगा असला तरी. आप्पा अडीच वर्षांच्या पोराला हात जोडून विचारत, "माय, पानी लेशी का?" त्यामुळे मला त्या दिवशी मार मिळाला नाही. मिळाला असता तर बरं झालं असतं, असं म्हणण्याची पद्धत आहे. मी तसं म्हणत नाही. मार चुकला याचं मला तेव्हा बरंच वाटलं होतं.

आमचा मळा तापीच्या काठाला, गावापासून चालत अर्ध्या तासावर. तिथे चार घरं होती. एक आमचं. समोर काकीचं, म्हणजे आप्पांच्या चुलतभावाच्या बायकोचं. बाजूला आबांचं, ते नात्यानं आमचे आजे लागत आणि एका नातवाला घेऊन राहत. आणि पलीकडे बांधाजवळ आमच्या सालदाराची झोपडी. तो वर्षाच्या बोलीवर आमच्याकडे कामाला होता, सातपुड्यातला भिल्ल. त्याची बायको आणि दोन पोरं होती. चार घरांतल्या एकाही मोठ्या माणसाला अक्षर येत नव्हतं. आप्पा हिशेब तोंडी करत आणि कागदावर अंगठा उठवत. ही गोष्ट दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या दोन-तीन वर्षं आधीची.

शाळा गावात होती, लोकलबोर्डाची. एक लांब खोली, पुढे ओटा, आणि चारही इयत्तांना मिळून एक मास्तर. ते नाशिककडचे होते आणि पुस्तकात असते तशी मराठी बोलत. पहिली दोन वर्षं आम्हाला ती भाषा परकीच वाटायची. मुलींमध्ये मळ्यातून जाणाऱ्या दोघीच. मी तिसरीत होते आणि काकीची मुलगी बिगारीत. बिगारी म्हणजे पहिलीच्या आधीचा वर्ग, तिथे पोरं नुसती धुळीत अक्षरं गिरवत.

शाळेची बातमी गावात कोतवाल ओरडून सांगायचा. त्याचा आवाज मळ्यापर्यंत यायचा नाही, आणि तो मळ्यापर्यंत चालत यायचा नाही. म्हणून मास्तरांनी पाटीची पद्धत लावली. मळ्यांमधून येणाऱ्या पोरांपैकी ज्याला वाचता येतं, त्याच्या पाटीवर मास्तर स्वतः चार ओळी लिहून देत. पोरानं पाटी न पुसता घरी न्यायची, दारादारात उभं राहून मोठ्यानं वाचायची आणि दुसऱ्या दिवशी 'वाचली' म्हणून सांगायचं. आमच्या चार घरांची पाटी माझ्याकडे होती.

बातम्या तरी काय असायच्या! दसऱ्याला पाटीपूजन आहे, प्रत्येक घरानं आंब्याची पानं आणि झेंडू पाठवावा. शनिवारी शाळा सारवायची आहे, घरटी एक बाई आणि एक पाटी शेण. पुढच्या आठवड्यात दिपोटी साहेब तपासणीला येणार, पोरांना आंघोळ घालून, नखं काढून, धुतलेले कपडे घालून पाठवा. संक्रांतीला पोरांची कवायत आहे, आईबापांनी पाहायला यावं. कवायत पाहायला मळ्यातून आप्पा एकटे जात. बाकीचे म्हणत, पोरांनी हात वर केले, खाली केले, त्यात पाहायचं काय.

मी पाटी घेऊन आले की आबा बाजेवरून उठून बसत आणि ओरडत, "उनी व माय, सरकारनी बाई उनी! सांग, आज काय हुकूम शे?"

शेणाची बातमी वाचली तेव्हा ते म्हणाले, "मास्तरले सांग, शेन शे, पन सारवाले बाई नही. मास्तरनी बायकोले धाड, शेन मी देस." काकी पदर तोंडावर धरून हसली. मी हेही दुसऱ्या दिवशी मास्तरांना सांगितलं. मला वाटलं, निरोप दोन्हीकडचा न्यायचा असतो. मास्तरांनी मला छडी मारली आणि आबांकडून एक पाटी शेण जास्त मागवलं.

मला ते काम आवडायचं. ते खोटं का सांगू? आप्पा, जे कोणाचं ऐकत नसत, ते माझ्यासमोर उभे राहून ऐकत. मी एक ओळ चुकवली तर काकीचं शेण राहायचं आणि तिला दुसऱ्या दिवशी गावातल्या बायकांची बोलणी बसायची. मी ओळ कधी चुकवली नाही. पाटीवर लिहिलेलं खरं असतं, असं चारही घरांत ठरून गेलं होतं. आप्पा म्हणायचे, "तोंडना निरोप फिरी जास. लिखेल फिरत नही."

आप्पांच्या तोंडावर देवीचे वण होते. ते सात वर्षांचे असताना त्यांच्या घरात देवी आल्या होत्या. चार भावांमधले ते एकटे उरले. त्यामुळे गावात बाकीची माणसं देवी टोचणारा आला की पोरं कापसाच्या ढिगात लपवत, पण आप्पा त्याची वाट पाहत. मी जन्मले ती मायच्या माहेरी, दुसऱ्या गावात, आणि आजोळी कोणीतरी मला टोचून आणलं. दंडावर दोन खुणा आहेत. नंतर माझी बहीण झाली, मग भाऊ. टोचणारा दोन-तीन वर्षांतून एकदा यायचा, एक दिवस राहायचा, आणि त्या दिवशी काहीतरी आडवं यायचं. खरं म्हणजे मायच आडवी यायची. तिला वाटे, टोचून घेणं म्हणजे देवीला दारातून परत पाठवणं, आणि ती अपमान विसरत नाही. एकदा ती बहिणीला घेऊन दिवसभर हरभऱ्याच्या शेतात बसली होती. म्हणून त्या वर्षी आप्पा मायला न सांगता शाळेत गेले आणि मास्तरांना म्हणाले, "डागदर उना का माले पहिले सांगजा. पोरेसले मी सोता लई येसू." मास्तरांनी कबूल केलं. मी तिथे ओट्यावर बसून पाढे म्हणत होते. मी ते ऐकलं होतं.

मग मार्गशीर्षातली जत्रा आली. सारंगखेड्याची घोड्यांची जत्रा, दत्ताची. आमच्याकडे दोन वर्षांची एक घोडी होती, ती आप्पांना विकायची होती. मागच्या वर्षी मी तापानं घरी राहिले होते आणि काकीची मुलगी जाऊन आली होती. वर्षभर तिनं मला ऐकवलं. पाळणा असा होता, जिलबी अशी होती, बांगड्यावाली अशी. या वर्षी आम्ही दोघी एका गाडीत बसणार होतो. तिला हिरव्या काचेच्या बांगड्या घ्यायच्या होत्या आणि मला लाल. ठरलं होतं. गाडीत कोणी कुठे बसायचं तेही ठरलं होतं.

जत्रेला जायच्या आदल्या दिवशी मास्तरांनी पाटीवर लिहून दिलं. मला अजून शब्द आठवतात. 'उद्या सकाळी देवीडॉक्टर शाळेत येणार आहेत. सर्व मुलांना, शाळेत नसलेल्या लहानांनाही, आणावे. पूर्वी देवी काढलेल्या मुलांच्याही पुन्हा काढतील. परवापासून चार दिवस जत्रेची सुट्टी.' 'लहानांनाही' या शब्दाखाली त्यांनी रेघ मारली होती. मला म्हणाले, "वडिलांना नीट वाचून दाखव. ते वाट पाहत आहेत."

वाटेत काकीच्या मुलीनं विचारलं, "काय लिखेल शे?"

मी सांगितलं.

ती थांबली. "मंग जत्राले जानं नही का?"

"कसं जानं? हात सुजस. ताप येस."

"मन्ही माय म्हणस, देवी काढी का आठ दिन घरमाच बसनं पडस." ती रडायला लागली. सहा वर्षांची होती. "वाचू नको ना व."

मी नेहमी सांगते, तिनं म्हटलं म्हणून मी केलं असं नाही. मला स्वतःला जायचं होतं. ती रडली नसती तरी मी तेच केलं असतं. नाल्याच्या काठावर मी खाली बसले, पाटीवर थुंकले आणि पहिल्या तीन ओळी तळहातानं पुसल्या. थुंकीनं पाटी पुसली की विद्या जाते, म्हणून शाळेत छडी बसायची. मग पेन्सिलीनं 'परवा'चा 'उद्या' केला. चारही घरांत कोणाला वाचता येत नव्हतं. पाटी कोरी असती तरी चाललं असतं. पण पाटीवर काहीतरी पाहिजे, असं मला वाटलं.

मळ्यात आल्यावर मी चार दारांत वाचलं. 'उद्यापासून चार दिवस जत्रेची सुट्टी.'

आबा म्हणाले, "इतलुसंच? मास्तरनी पेन्सिल सरी गई का?"

आप्पांनी विचारलं, "डागदरनं काही?"

मी म्हटलं, "नही."

"येई मंग. डागदर पहिले, घोडी मंग, असं म्हणत व्हतो मी. नही उना ते चला जत्राले."

दुसऱ्या दिवशी उजाडताना दोन गाड्या निघाल्या. सालदार घोडी घेऊन मागून चालत, त्याच्या बायकोच्या पाठीला लहान पोर बांधलेलं. चारही घरं मिळून गेलो. आबासुद्धा. जत्रेत आम्ही चार दिवस राहिलो, गाड्यांखाली झोपलो, नदीवर आंघोळ केली. मला लाल बांगड्या मिळाल्या. जिलबी मिळाली. पाळण्यात काकीची मुलगी घाबरून ओरडली आणि पाळणेवाल्याला तिला मध्येच उतरवावं लागलं. सगळं ठरलं होतं तसं झालं. जत्रेत आमच्या शेजारच्या गाडीतल्या माणसांबरोबर एक पोर होतं, अंगावर गोधडी घेऊन झोपलेलं. माझा भाऊ त्याच्या गोधडीवर जाऊन बसायचा. त्याला कोणी हटकलं नाही. ते पोर कशानं आजारी होतं ते आम्हाला कळलं नाही. नंतर सगळ्यांनी अंदाज केला.

परत आल्यावर शाळेत पोरांचे दंड सुजलेले होते. कोणाला खपल्या धरत होत्या. मास्तरांनी मला विचारलं, "तुमच्या मळ्यातलं कोणीच कसं आलं नाही?" मी म्हटलं, "आम्ही जत्रेला गेलो होतो." हे खरं होतं. मास्तर रागानं म्हणाले, "इतकं सांगून ठेवतात आणि घोड्यापुढे पोरं दिसत नाहीत." आप्पा गावात गेले तेव्हा त्यांनीही ते दंड पाहिले. घरी येऊन मला विचारलं, "डागदर कधळ उना व्हता?" मी म्हटलं, "आपुन गऊत, त्याना मंग. एकदम उना." आप्पांनी पागोटं काढून खुंटीला अडकवलं. म्हणाले, "मन्हं नशीब." मास्तरांना वाटलं आप्पांनी जत्रा निवडली. आप्पांना वाटलं मास्तर शब्द विसरले. दोघंही मानी, एकमेकांना विचारायला गेले नाहीत. मला वाटलं, सुटले.

पौष लागला आणि सालदाराचं लहान पोर तापलं. मग आमचा भाऊ. मग काकीची मुलगी. मग माझी पाच वर्षांची बहीण. तापाचे तीन दिवस गेले आणि दाणे दिसायला लागले, तेव्हा माय अंगणात जाऊन लिंबाचा डहाळा तोडून आली. ती म्हणाली, "उनी. आते ती म्हणी ते."

मळ्यातल्या पोरांना शाळा बंद झाली. त्यामुळेच मास्तर चौकशीला आले होते. तो दिवस मी सुरुवातीला सांगितला.

ते निघून गेल्यावर काकी आपल्या अंगणातून म्हणाली, "देवीनं काम शे ते. पोर काय करी?" ती मोठ्यानं बोलली नाही, तिच्याही घरात पाहुणी होती. तिचं ते बोलणं चांगल्या मनाचं होतं की नाही, मला आजपर्यंत कळलेलं नाही. त्या वेळी तिची मुलगी जिवंत होती.

सालदाराचं पोर त्याआधीच गेलं होतं. ते शाळेच्या पटावर नव्हतं, त्यामुळे मास्तरांनी त्याच्याबद्दल विचारलं नाही. आमच्यातल्याही कोणी त्यांना सांगितलं नाही. सालदारानं त्याला नदीकडे नेऊन पुरलं आणि दुपारी तो मोटेवर आला.

सेवा करायला माणूस पाहिजे होतं. आप्पांना लहानपणी देवी येऊन गेल्या होत्या, त्यांना भीती नव्हती. मी टोचलेली होते. आयांखेरीज बाकीच्यांना जवळ जाऊ देत नसत. म्हणून मी आमच्या घरात आणि काकीच्या घरात, दोन्हीकडे बसायची. पाल्यानं माशा वारायच्या. खाजवू नये म्हणून हात धरून ठेवायचे. फडक्यानं ओठ ओले करायचे. काकीच्या मुलीचे डोळे चिकटले होते. ती मला हातानं ओळखायची, कारण माझ्या हातात बांगड्या होत्या. मी त्या काढून ठेवल्या तर ती घाबरायची, म्हणून काढल्या नाहीत. पाटीबद्दल ती एकदाही बोलली नाही. तिच्या लक्षात नसेल. नाही तर बोलायची ताकद नसेल.

मास्तर येऊन गेल्यावर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माझा भाऊ गेला. मायच्या मांडीवर होता. त्याच खोलीत, हातभर अंतरावर माझी बहीण पडलेली होती आणि तिच्या अंगावर देवी होत्या. म्हणून मायला रडता आलं नाही. तिनं पदर तोंडात कोंबला आणि आप्पांकडे पाहून मान हलवली. आप्पांनी त्याला उचललं. बहिणीनं विचारलं, "त्याले कोठे लई जातस?" आप्पा म्हणाले, "बाहेर. वारावर." त्यांनी आवाज चढू दिला नाही. मी तो आवाज ऐकला आहे. मला तो आवाज नको असतो, पण तो येतो.

तीन दिवसांनी काकीची मुलगी गेली. काकीच्या घरात दुसरं आजारी कोणी नव्हतं, म्हणून काकी रडली. चारही घरांच्या वाटचं रडली. आमच्या घरात आम्ही ते ऐकत गप्प बसलो.

बहिणीच्या खपल्या पडल्या. एकविसाव्या दिवशी माय दहीभात घेऊन गेली, लिंबाखाली ठेवून आली, डहाळा काढला. देवी गेली. आता घरात बोलायला हरकत नव्हती. त्या दिवशी मी सकाळपासून गोठ्यात बसून होते. आप्पा आले, त्यांनी बैलांना वैरण टाकली, घमेलं धुतलं, आणि गेले. काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी बोलतील असं वाटलं. दुसऱ्या दिवशीही नाही. इतके दिवस न बोलता राहिल्यावर ते जे बोलणार होते ते बहुतेक आटून गेलं. मरेपर्यंत त्यांनी तो विषय काढला नाही.

माय म्हणाली, "आते कसानी शाळा? बस म्हणा घरमा."

आप्पा म्हणाले, "जाऊ दे तिले. चौथी पास व्हवू दे." त्यांनी माझ्याकडे न पाहता सांगितलं. मी गेले.

मग आप्पांनी एक गोष्ट केली जी गावात कोणी केली नव्हती. दर रविवारी दुपारी ते शाळेच्या ओट्यावर जाऊन मास्तरांसमोर बसायला लागले. पस्तिशी ओलांडलेला माणूस, डोक्याला पागोटं, समोर पाटी. गावातली पोरं ओट्याखाली उभी राहून 'ग गवताचा, ग गाढवाचा' ओरडायची. आबा म्हणाले, "म्हातारपनमा बिगारीमा बठना. दिपोटी उना का नखं दखाडजो." आप्पा अक्षर गिरवत राहत. मी घरात चौथीची पुस्तकं घेऊन बसलेली असायची. मी शिकवते, असं मी म्हटलं नाही आणि त्यांनी मला विचारलं नाही.

मास्तर निरोप अजून माझ्याच पाटीवर लिहून देत, दुसरं कोणी नव्हतं. फक्त आता खाली एकूण ओळींचा आकडा टाकून सही करत, म्हणजे वरची एखादी ओळ गेली तर कळेल. पुढच्या आषाढात मी पाटी घेऊन आले आणि वाचायला तोंड उघडलं. आप्पांनी हात पुढे केला. मी पाटी दिली. त्यांनी ती गुडघ्यावर ठेवली आणि अक्षराखाली बोट धरून एकेक सुटं वाचायला लागले. "शु... क्र... वा... री..." शुक्रवारी झाडं लावायची होती, घरटी एक रोप आणावं, एवढीच बातमी. वाचायला इतका वेळ लागला की काकी आपलं काम टाकून आली आणि सालदाराची बायकोही येऊन उभी राहिली. तिला मराठी फारशी कळत नव्हती. आबाही बाजेवरून उठून आले. वाचून झाल्यावर आप्पांनी पाटी मला परत दिली आणि विचारलं, "बरोबर शे?"

मी म्हटलं, "बरोबर शे."

त्यानंतर मी कधी मळ्यात निरोप वाचला नाही. चौथी पास झाले आणि पुढच्या वर्षी माझं लग्न झालं.

मायबद्दल एक सांगायचं राहिलं. ती फार म्हातारी झाली होती, माझ्या घरी राहायला आली होती. एका दुपारी ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलता सोलता म्हणाली, "माले माहीत व्हतं."

"काय?"

"जत्रामा मन्हा गावनी एक बाई भेटनी व्हती. ती सांगे, डागदर उना, पोरेसले टोची ऱ्हायना, आज आमना गावले, सकाय शेजारना गावले. मी तुन्हा आप्पाले नही सांगं."

डॉक्टर दुसऱ्या दिवशी जाणार होता ते, मायच्या माहेराशेजारचं गाव जत्रेपासून दोन तासांच्या वाटेवर होतं. गाडी जुंपली असती तर आप्पा दुपारी पोचले असते. ती देवीच्या भयानं गप्प राहिली आणि मी लाल बांगड्यांसाठी. आम्ही दोघी एका घरात राहत होतो आणि तेव्हा दोघींनाही दुसरीचं माहीत नव्हतं. तिला वाटलं असेल, सांगून माझं ओझं हलकं होईल. झालं नाही. मी म्हटलं, "शेंगा सोल." ती सोलत राहिली.

मळ्यात त्या वर्षी सात पोरं होती. सालदाराचं धाकटं पोर गेलं, माझा भाऊ गेला, काकीची मुलगी गेली. सालदाराचं थोरलं पोर वाचलं. आबांचा नातू वाचला, त्याला दोनच दाणे आले होते. माझी बहीण वाचली, एका डोळ्यानं. आणि मी. मला तापसुद्धा आला नाही.